कावळा शिवेना

दहाव्याला पिंड मांडले आणि कावळा शिवला नाही, की पोरं हात जोडून मयताच्या राहिलेल्या इच्छा एकेक करून बोलून दाखवतात. "धाकट्याचं लग्न आम्ही करू." "वाडी विकणार नाही." झी मराठीवरचे अण्णा नाईक 2016 च्या फेब्रुवारीत वारले. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेची सुरुवातच त्यांच्या मयताने झाली. पुढे 2019 ला दुसरं पर्व आलं, 2021 ला तिसरं आलं, पण अण्णांच्या पिंडाला काही कावळा शिवला नाही. राहिलेली इच्छा अण्णांची नव्हतीच, वाहिनीची होती. तिचं नाव टीआरपी. तिला दर्भाचा कावळा करूनही फसवता येत नाही.

नाईकांचा वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीतला. आम्ही अलिबागजवळच्या रेवदंडा-चौलकडचे, म्हणजे वरच्या अंगाचे कोकणी. पहिलं पर्व लागलं तेव्हा तिकडे सिंधुदुर्गात काहींनी ओरड केली, की यात कोकणाची बदनामी होते. बदनामीचं आम्हाला काय सांगता? 'अलिबाग से आया है क्या' या टोमण्यावर बंदी आणा म्हणून आमच्याकडचा एक माणूस थेट हायकोर्टात गेला होता. 2019 ला कोर्टाने याचिका फेटाळली. तेव्हा भुतांमुळे आमची अब्रू जाईल, अशी भीती आम्हाला कधीच वाटली नाही.

खरं सांगायचं तर भुतांकडे आमचं लक्षच नव्हतं. रात्री साडेदहाला आळीतली दारं लागायची आणि प्रत्येक घरात तोच वाडा उघडायचा. बाप गेलेला, मुंबईचा मुलगा सून घेऊन आलेला, गावचा मुलगा 'इतकी वर्षं मीच सगळं बघितलं' म्हणून घुश्शात, विधवा बहीण परत माहेरी, आणि मधे त्यांची आई, माई. यात नवीन काय? अलिबागच्या कोर्टात कुठल्याही सोमवारी जाऊन बसा, बाकावर हेच नाईक कुटुंब आडनाव बदलून बसलेलं असतं. झाडावरची सावली हलली तर आम्ही चहा ओतून घ्यायचो. वाटणीचा विषय निघाला की मात्र आवाज वाढवायचो. भुताला मीठमोहरी ओवाळता येते, सातबाऱ्यावरच्या चुलत्याला काय ओवाळणार?

दुसऱ्या पर्वात वाहिनीने गोष्ट मागे नेली आणि मेलेले अण्णा जिवंत केले. माधव अभ्यंकरांनी ते असे काही उभे केले की अंगावर काटा यावा. अण्णांच्या आयुष्यात अपूर्वा नेमळेकरची शेवंता आली आणि वाटणीचा दावा बाजूला पडून घरोघरी वेगळेच वाद सुरू झाले. पर्व रंगलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इथेच पहिली माशी शिंकली. खून पचवणारा, दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा जमीनदार महाराष्ट्राचा लाडका झाला. मोबाइलवर त्याचे विनोद फिरायला लागले. आमच्याकडे असल्या अण्णाला दोन पर्वं मिळाली नसती. अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी 1933 ला नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली खोतांच्या शेतांवर जाणंच बंद केलं आणि सहा वर्षं नांगर उचलला नाही. त्या संपावर मालिका काढायचं कुठल्या वाहिनीला सुचल्याचं ऐकलं नाही. त्यात भूत नाही ना!

दुसरं पर्व चालू असतानाच 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. सुपाऱ्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाडीत येऊन झोपले. टाळेबंदीमुळे नवे भाग आधीच थांबलेले, आता जुने बघायचीही सोय गेली. श्रीवर्धन-दिवेआगरकडे कित्येक रात्री मिट्ट काळोख होता, पडके वाडेही होते. भुतांना याहून चांगली संधी कुठली? पण एकही फिरकलं नाही. फिरले ते पंचनामेवाले. वाड्या गुंठ्यांच्या आणि मदत जाहीर झाली हेक्टरी 50,000 रुपये. त्यात सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांसकट सगळ्यांची नावं, अर्धे वारस बोरिवलीत आणि एक दुबईत. संमतीपत्रावर सह्या गोळा करताना जो थरार आम्ही अनुभवला, तो पुढच्या अख्ख्या तिसऱ्या पर्वात सापडला नाही.

तिसऱ्यात काय होतं? अण्णांचं भूत होतं आणि शेवंताचं भूत होतं. दोघं मेलेली, म्हणजे आता त्यांना कसलीच भीती नाही. ज्यांना भीती नाही त्यांना बघून आम्ही का घाबरायचं? त्यातच नेमळेकर मालिका सोडून गेली आणि कृतिका तुळसकर आली. बिचारीचा काय दोष, तिने वाट्याला आलेलं काम केलं. पण आळीत प्रश्न एकच: हीच शेवंता, हे अण्णांना कुणी सांगितलं? पहिल्या पर्वात 'इसारलंय' म्हणणारा एकटा पांडू होता. तिसऱ्यापर्यंत अख्खी मालिकाच इसारली, की आपण मुळात एका घराची गोष्ट सांगायला निघालो होतो.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चं शेवटचं पर्व 2019 ला आलं, तेव्हा ते पुन्हा लिहून काढा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी अर्ज केला. ते गोरे लोक, अर्ज करतात. आपण मालिकेला शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा तिथेच बसतो. 'चार दिवस सासूचे'चे चार दिवस तीन हजारांहून जास्त भाग चालले, ते बघायला का मंगळावरची माणसं आली होती? दूरदर्शनच्या काळात मालिका साधारण तेरा भागांची असायची. तेराव्याला गोडाचं जेवण, सुतक संपलं, मंडळी कामाला मोकळी.

आता कुणी म्हणेल, पुढचं पर्व आमच्याकडे घ्या. नको. आमचे वाडे केव्हाच मुंबईकरांनी घेतले. जिथे पडवी होती तिथे पोहण्याचा तलाव आहे आणि फाटकावर रखवालदार. भुताने आत जायचं म्हटलं तरी ओळखपत्र लागेल. मांडव्याला 2020 पासून रो-रो बोट येते, तिच्यातून शनिवारी उतरणाऱ्या गाड्यांची रांग बघून आमचा मुंजा पिंपळ सोडून कधीच वर गेला.

तरी वाहिनीला राहवत नसेल, तर एक विनंती आहे. अण्णांना एकदाचं जाऊ द्या, शेवंतालाही जाऊ द्या. माई आणि तिची पोरं दत्ता, माधव, अभिराम आणि छाया यांना घेऊन तलाठी कार्यालयाच्या बाकावर कॅमेरा लावा. अण्णांची वारसनोंद अजून व्हायचीच असणार.