प्रकरण चालू आहे

पौष लागून निफाडच्या उतरत्या पाऱ्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकू लागल्या, म्हणजे तिकडचे द्राक्षबागाईतदार जशा घड वाचवण्यासाठी पहाटे मळ्यांतून शेकोट्या पेटवतात, तद्वतच नाशकात, आमच्या गंगापूर रस्त्यावरील सोसायटीच्या आवारात, नानासाहेब आपली मोटार पेटवतात. 'पेटवतात' हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे; कारण मोटार सुरू करणे म्हणजे तीत बसून कोठेतरी जाणे, असा जो एक लौकिक समज आहे, त्याच्याशी नानासाहेबांच्या या प्रातःकर्माचा काहीएक संबंध नाही. सहाच्या ठोक्याला कानटोपी, मफलर आणि वर शाल असा जामानिमा करून ते खाली उतरतात, गाडीवरच्या आच्छादनाचे चारी कोपरे जुळवून घडी घालतात, किल्ली फिरवतात, आणि मग पुढली 25 मिनिटे ती गाडी जागच्या जागी गुरगुरत, थरथरत व माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत धूर सोडीत उभी राहते. त्यानंतर ती क्वचित कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत जाते. एरवी पुन्हा आच्छादनाखाली विसावते.

नानासाहेब जिल्ह्याच्या कचेरीतून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले त्याला 12 वर्षे लोटली; परंतु कचेरी सुटली तरी कचेरीची प्रकृती सुटत नाही. आलेला अर्ज आल्या पावली निकाली काढणे हे त्यांच्या मते उतावळ्या माणसाचे लक्षण. अर्जाने प्रथम आवक-बारनिशीत शिरावे, तेथून टिपणीत उतरावे, टिपणीवर शेरा पडावा, शेऱ्यावर खुलासा मागवावा, खुलाशासोबत तलाठ्याचा पंचनामा जोडावा, आणि मधल्या काळात अर्जदार दाराशी येऊन उभा राहिलाच, तर चष्मा कपाळावर सरकवून 'प्रकरण चालू आहे' एवढेच शांतपणे सांगावे, हा त्यांचा 34 वर्षांचा शिरस्ता. प्रकरण चालू असते, पण ते पुढे चाललेले नसते, हा सूक्ष्म भेद ज्या अर्जदारास उमगला, तो पुन्हा कचेरीत दिसत नसे, आणि नानासाहेब त्यास कामाचा निपटारा समजत.

न्यायाच्या दृष्टीने हेही नमूद केले पाहिजे, की गाडी तापवण्याची ही सवय मुळात निर्बुद्धपणाची नव्हती. पूर्वी त्यांच्याजवळ कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली एक जुनी फियाट होती. तिच्या कार्ब्युरेटरला थंडी सोसत नसे. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नसल्यामुळे चोक ओढून हवा कोंडावी लागे, मिश्रण दाट करावे लागे, आणि चोक घाईने आत ढकलला तर ती मानिनी ऐन चौकात रुसून बसत असे. अशा गाडीस दोन-चार मिनिटे आंजारणे-गोंजारणे हा शहाणपणाच होता. पुढे चिरंजीवांनी वडिलांना नवी गाडी घेऊन दिली, जीत कार्ब्युरेटर नाही, चोक नाही, इंजिनातल्या पाण्याची उष्णता मोजून पेट्रोलचा शिधा ठरवणारे यंत्र मात्र आहे. नानासाहेबांनी पहिल्या दिवशी चोकची मूठ शोधण्यात पाऊण तास घालवला, ती मिळाली नाही तेव्हा कारखान्याच्या विसरभोळेपणाबद्दल हळहळ व्यक्त केली, आणि त्या उणिवेची भरपाई म्हणून चारांची 25 मिनिटे केली.

या 25 मिनिटांत ते गाडीपाशी थांबत असते तरी एक गोष्ट होती. परंतु गाडी चालू ठेवून ते कुंपणावरची जास्वंद तोडतात, पाण्याच्या टाकीची पातळी पाहतात, वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाची झडती घेतात. चालकाची जागा रिकामी ठेवायची असेल तर उभ्या मोटारीचे इंजिन बंद केले पाहिजे, असे मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 126 सांगते, हे मी एकदा भीत भीत त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांनी ते कलम मला पुन्हा वाचावयास लावले, 'सार्वजनिक ठिकाणी' या दोन शब्दांखाली नखाने रेघ ओढली आणि म्हणाले, "आवार खाजगी आहे. सबब, कलम लागू नाही." कायदा ज्याच्या हाताखाली 34 वर्षे राबला, त्याच्याविरुद्ध तो साक्ष देईल, ही अपेक्षाच माझी चूक होती.

त्यांची कन्या कॅनडात विनिपेगला असते, जेथे हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. तेथे गाडीच्या नाकाशी विजेची पिन लोंबत असते. ती रात्री भिंतीतल्या खोबणीत खोचली की इंजिन आतून कोमट राहते, आणि सकाळी सुरू केल्यावर फार खोळंबा न करता माणसे सावकाश मार्गस्थ होतात. बापाचे पेट्रोल वाचावे या सद्हेतूने मुलीने ही हकिकत दूरध्वनीवर सविस्तर सांगितली. तिचे तात्पर्य नानासाहेबांनी दुसऱ्या दिवशी साऱ्या सोसायटीस ऐकवले: "तेथेसुद्धा गाडी तापवतात!" आपल्याकडे त्या दिवशी 9 अंश होते, आणि शून्याखालचे 30 व शून्यावरचे 9 यांत 39 अंशांचे अंतर पडते, हा तपशील त्यांनी दप्तरी दाखल करून घेतला नाही.

एके सकाळी मात्र ते विलक्षण प्रफुल्लित मुद्रेने माझ्या दाराशी आले. हातात इंजिनातले ऑइल मोजण्याची कांडी होती. "लोकांच्या गाड्या ऑइल पितात," ते म्हणाले, "आमची बघा! दोन महिन्यांपूर्वी वरच्या खुणेशी होते, आज खुणेच्या वर बोटभर. गाडी ऑइल देते आहे!" दुभत्या म्हशीविषयी गवळ्याने ज्या वात्सल्याने बोलावे, त्या वात्सल्याने ते बोलत होते. योगायोगाने आमचा मिस्त्री माझ्या स्कूटरचा प्लग बदलावयास आला होता. त्याने कांडी नाकाशी धरली, बोटांवर थेंब घेऊन चोळला आणि मान हलवली.

"साहेब, ऑइल वाढलं नाही. यात पेट्रोल उतरलंय."

मग त्या अल्पाक्षरी मनुष्याने जे विवेचन केले, ते मी माझ्या भाषेत देतो. थंड इंजिनास यंत्र दाट मिश्रण पाजते. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळते, तेथला ऑइलचा मुलामा धुऊन टाकते आणि पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खालच्या ऑइलमध्ये मुरते, त्यामुळे ऑइल पातळ होते व त्याची राखण करण्याची ताकद जाते. शिवाय 1 लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने जन्मास येते. माझ्या खिडकीत शिरणारा पांढरा धूर तो हाच. आणि इंजिन व सायलेन्सर गार असले की त्यातले काही आतच ठिबकून राहते. ऑइल खरेखुरे कढत झाले तर हे पेट्रोल आणि पाणी उडून जाते. पण इंजिनास ऊब येते ती ओझे ओढल्याने, उभ्या उभ्या गुरगुरल्याने नव्हे. गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग आणि टायर यांना तर उभ्या गाडीत उबेचा स्पर्शही होत नाही. प्लग काळे पडतात ते वेगळेच, आणि 25 मिनिटांत पाव लिटर पेट्रोल जाते ते आणखी वेगळे.

"म्हणजे कामाने नव्हे, तर—" नानासाहेब थबकले.

"उभं राहून झिजतंय, साहेब," मिस्त्री म्हणाला. "अर्धा मिनिट थांबा आणि हळू हळू चालवायला लागा. ऑइल बदलून देतो. मग एकदा लांब न्या. त्र्यंबकला जाऊन या."

त्र्यंबकचे नाव ऐकताच नानासाहेबांच्या घरातून त्यांच्या पत्नी नानी बाहेर आल्या. निवृत्तीच्या दिवसापासून त्यांची त्र्यंबकराजाच्या दर्शनाची मागणी होती, आणि त्यावर नानासाहेबांचा 'जाऊ की, बघू' हा शेराही कायम होता. आता मात्र मिस्त्रीच साक्षीस उभा असल्यामुळे टोलवाटोलवीस वाव उरला नाही. रविवारी पहाटे मिस्त्री पुढच्या आसनावर, नानी व मी मागे, असे आम्ही स्थानापन्न झालो. इंजिन सुरू झाले. पट्टे बांधून होईतो अर्धे मिनिट गेले. "चला साहेब, रेस न करता," मिस्त्री म्हणाला, आणि अनवाणी पायाने निखाऱ्यावर पाऊल टाकावे तशा मुद्रेने नानासाहेबांनी पहिला गिअर टाकला. समोरचा जो निळा दिवा आवारात बराच वेळ हटत नसे, तो सातपूरपाशी मावळला. अंजनेरीवर ऊन आले तोवर गाडी रेशमासारखी धावू लागली होती, आणि 12 वर्षांत ज्यांच्या तोंडून टिपणीबाहेरचा शब्द मी ऐकला नव्हता, ते नानासाहेब चक्क एक नाट्यपद गुणगुणत होते. ब्रह्मगिरी दिसताच नानींनी हात जोडले. "सिंहस्थ 12 वर्षांनी येतो म्हणतात," त्या म्हणाल्या, "तसा आमचा अर्ज निकाली निघाला."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी कान देऊन बसलो. किल्ली फिरली, गुरगुर सुरू झाली. अर्धे मिनिट गेले, 25 मिनिटे गेली, चहा निवला, खिडकी धुराने भरली, तरी गुरगुर थांबेना. पावणेसातला मी खाली गेलो. नानासाहेब जास्वंदीची परडी घेऊन शांतपणे उभे होते.

"नाना, आज दुप्पट वेळ?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काल तापवल्यावाचून निघालो होतो ना," ते म्हणाले, "ती मागील बाकी आहे."