श्वास घ्या, लॉगिन करा

ऑकलंडच्या पेनरोजमध्ये गोदामं, गॅरेजं आणि मालाचे ट्रक मुबलक. निवांतपणाचाच तेवढा तुटवडा. तिथे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आमच्या भाच्याला कॉलेजने मनःस्वास्थ्याचं अ‍ॅप दिलं. गोदामातली पाळी संपवून, उरलेली असाइनमेंट डोक्यावर घेऊन त्याने ते रात्री उघडलं. पासवर्ड चुकला. मग आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करायला नऊ चौकोनांतले ट्रक ओळखायचे. पाळीभर तेच तर रिकामे केले होते! अखेर सल्ला उगवला: ‘खोल श्वास घ्या.’ श्वासाला भाडं नाही, हाच काय तो दिलासा.

खरं तर न्यूझीलंडमध्ये मन मोकळं करायला १७३७ हा क्रमांक आहे. फोन करा नाहीतर मेसेज. चोवीस तास, फुकट, आणि पलीकडे प्रशिक्षित माणूस. आपल्याकडेही २०२२पासून टेलि-मानस आहे, १४४१६, मराठीतसुद्धा. पण चार-पाच आकडे सांगून कॉलेजचा वार्षिक अहवाल कसा सजणार? त्याला अ‍ॅपच हवं.

भाच्याने सांगलीला फोन लावला. ताईने विचारलं, “जेवलास का?”

“हो.”

खोटं होतं. ते ओळखायला ताईला नऊ चौकोन लागले नाहीत.