सध्या इथे आहे

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला पहिल्या दिवशी मुलांना ओळख करून द्यायला सांगतात. नाव, गाव, बारावीचे मार्क, छंद. निम्म्या मुलांना क्रिकेटचा छंद असतो, उरलेल्यांना वाचनाचा असतो, म्हणजे काहीच नसतो. मग मागच्या बाकावरून एक जण उठतो. नाव सांगतो, गाव सांगतो आणि म्हणतो, "मी सध्या इथे आहे."

कोकणातल्या आमच्या कॉलेजात हा मुलगा दर वर्षी येतो. नाव बदलतं, आडनाव बदलतं, चष्म्याचा नंबर बदलतो. वाक्य बदलत नाही. त्याला पुण्याला जायचं असतं. पुण्याची सीट हुकलेली असते. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि त्यात दशांश चिन्हापुढं सात आकडे असतात. मराठी माणसानं लग्नाचं सोनंसुद्धा इतक्या बारकाईनं कधी तोललेलं नाही. त्या सात आकड्यांत कुठं तरी याचं पुणं सांडलं. पहिल्या राउंडला आमचं कॉलेज लागलं, त्यानं बेटरमेंट घेतली. दुसऱ्या राउंडलाही आमचंच लागलं. पुढच्यालाही आमचंच. संगणक इतक्या निष्ठेनं एकाच कॉलेजचं नाव घेतोय, यात काही संकेत असेल असं त्याच्या मनात येत नाही.

तो आमच्याकडे राहत नाही, थांबतो. होस्टेलच्या गादीवरचं प्लॅस्टिक काढत नाही, त्यामुळं रात्री कूस बदलली की शेजारच्या खोलीला कळतं. मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरतो. वर्षाचे एकदम भरले तर सवलत आहे, पण सवलत घेतली तर राहावं लागेल. वर्कशॉपचा एप्रन उसना, ड्राफ्टर उसना. बॅग उघडायची नाही असं ठरवल्यामुळं पहिल्याच पावसाळ्यात आतल्या कपड्यांना बुरशी येते. कोकणातली ओल सध्या आलेल्यांना आणि कायमच्यांना वेगळं वागवत नाही.

मुंबई विद्यापीठ 1857 चं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सगळं त्याच्याच पोटात, त्यामुळं आमचंही कॉलेज मुंबई विद्यापीठाचं. मुलगा सातारचा, म्हणजे त्याची होम युनिव्हर्सिटी कोल्हापूरची. अलॉटमेंट लेटरवर जागेचा एक कोड असतो. शेवटचं अक्षर एच आलं तर तुम्ही घरचे, ओ आलं तर बाहेरचे. याच्या कागदावर ओ. "सर, शासनानंच लिहून दिलंय मी बाहेरचा आहे म्हणून," असं तो अभिमानानं दाखवतो. घर शिवाजी विद्यापीठात, शरीर मुंबई विद्यापीठात आणि मन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, असा हा तीन विद्यापीठांचा एकच विद्यार्थी.

यातून त्याचा इतिहासाचा अभ्यास सुरू होतो. इंजिनिअरिंगची मुलं सहसा इतिहासाच्या वाटेला जात नाहीत, पण याला आपला गुन्हेगार शोधायचा असतो. एके दिवशी तो स्टाफरूममध्ये येऊन सांगतो, "सर, 1949 साली पुणे विद्यापीठ झालं, तेव्हा सातारा त्यातच होतं. 1962 साली शिवाजी विद्यापीठ काढलं म्हणून आम्ही तिकडं गेलो. नसतं काढलं, तर माझी होम युनिव्हर्सिटी पुणेच होती."

"मग आता काय करायचं म्हणतोस?"

"काही नाही सर. पण त्यात पुढाकार घेणारे बाळासाहेब देसाई आमच्याच जिल्ह्यातले, पाटणचे. घरच्या माणसानं तरी विचार करायचा."

त्याचा दुसरा आक्षेप जास्त बिनतोड आहे. कोल्हापूर, सांगली, सातारची कॉलेजंच्या कॉलेजं तेव्हा एका विद्यापीठातून उठून दुसऱ्यात गेली. 2004 साली सोलापूरची कॉलेजं पुन्हा उठली, कारण सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं. पुण्याच्या सीओईपीची तर गोष्टच वेगळी. 1854 साली सुरू झालेली ही इंजिनिअरिंगची संस्था कित्येक वर्षं एका जागी उभी आहे. आधी मुंबई विद्यापीठात होती, मग पुणे विद्यापीठात गेली आणि 2022 साली स्वतःच विद्यापीठ झाली. "एवढ्या मोठ्या दगडी इमारतीला जमतं सर. ना टीसी, ना माइग्रेशन. आणि माझ्यासारख्या बावन्न किलोच्या मुलाला जमत नाही!" यावर माझ्याकडे उत्तर नसतं. मी त्याला जर्नल पूर्ण करायला सांगतो.

सांगायची गरज नसते, कारण त्याचं जर्नल पूर्ण असतं. इथंच या मुलाची खरी गंमत आहे. दुसऱ्या वर्षाला बदली हवी असेल तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले पाहिजेत, मार्क चांगले पाहिजेत. एटीकेटी घेऊन कोण दारात उभं करणार? त्यामुळं ज्याला कॉलेज सोडायचं आहे तोच कॉलेजात सर्वांत जास्त हजर असतो. जे चार वर्षं राहणार आहेत ते निवांत समुद्रावर असतात. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं होस्टेल याची फाइल उतरवून काढतं. आमच्या पहिल्या वर्षाचा निकाल जो काही बरा लागतो, त्यात या मुलाच्या पुण्यावरच्या प्रेमाचा मोठा वाटा आहे.

परीक्षा संपली की कागदांचा हंगाम सुरू होतो. त्याच्याकडे एक प्लॅस्टिकची फाइल असते. तिच्यात दहावी, बारावी, सीईटी, डोमिसाइल, नॉन-क्रिमी लेयर, प्रत्येकाच्या अनेक झेरॉक्स, आणि दोन्ही विद्यापीठांचा अभ्यासक्रम पानोपानी शिक्का मारलेला. एखादा विषय इकडे आधी शिकवतात आणि तिकडे नंतर, तर तो झाला धरायचा की राहिला, हे ठरवायला समिती बसते. ही फाइल घेऊन तो आमच्या ऑफिसच्या खिडकीशी उभा राहतो. आत भाऊसाहेब असतात.

"भाऊसाहेब, एनओसी हवी होती."

"तिकडे जागा मिळाली का?"

"एनओसी दाखवली की सांगतो म्हणाले."

"मग जागा मिळाल्याचं पत्र आणा. एनओसी तयारच आहे."

हे दोन कागद अशा तऱ्हेनं वर्षानुवर्षं घाटाच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना 'आधी आपण' म्हणतायत. एका वर्षीच्या मुलानं भाऊसाहेबांना कायद्यानं जिंकायचं ठरवलं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2021 ची अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, सगळं छापून आणलं. विद्यार्थ्याचे क्रेडिट खात्यात जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात, हे त्यानं खिडकीतून खड्या आवाजात वाचून दाखवलं. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "क्रेडिट जातील हो बँकेतून. तुम्ही कसे जाणार? तुम्हाला टीसी लागेल."

घरी वेगळीच आघाडी उघडलेली असते. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक असले तर विचारायलाच नको. आंतरजिल्हा बदलीत आयुष्य गेलेला माणूस. ते फोनवर धीर देतात, "अरे, मला किती वर्षं लागली! तुला तर अजून वर्षसुद्धा झालं नाही." आत्याच्या दिरांची पुण्यात ओळख निघते. ती ओळख फोन उचलते, "बघू" म्हणते आणि पुढच्या फोनला उचलत नाही. नातेवाइकांत मात्र 'मुलगा पुण्यालाच आहे, नाव फक्त तिकडे आहे' असं सांगून झालेलं असतं. आईनं सोळा सोमवार धरलेले असतात.

सोमवार कशासाठी, हे नीट समजून घेतलं पाहिजे. दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी असली तरच बदली मिळते आणि जागा रिकामी व्हायची तर तिथल्या कुणीतरी प्रवेश रद्द करायला हवा. म्हणजे एक माउली सातारला उपास करते, ती पुण्यातल्या एका अनोळखी मुलाचं मन उडावं म्हणून. मुलगा त्या मानानं सुसंस्कृत. तो त्या अनोळखी मुलाचं भलंच चिंततो. त्याला परदेशी स्कॉलरशिप मिळावी, निदान एनडीएत निवड व्हावी. जूनच्या अखेरीस त्याच्या देशभक्तीला भरतं येतं. पुण्याच्या तरुणांनी मोठ्या संख्येनं सैन्यात जायला हवं, हे तो मेसमध्ये इतक्या कळकळीनं बोलतो की आमचे एनसीसीचे सर गहिवरतात.

मग यादी लागते आणि प्रतीक्षा यादीत याचा दुसरा नंबर असतो. पहिला असता तर आशेवर जगता आलं असतं, दहावा असता तर झोप लागली असती. दुसऱ्याला दोन्ही नाही. तो पहिल्या नंबरवाल्याला शोधून काढतो, त्याच्याशी मैत्री करतो आणि त्याला पुण्याची माहिती देऊ लागतो. ट्रॅफिक, कॉट बेसिसचं भाडं, टँकरचं पाणी, दुपारी बंद असणारी दुकानं, पत्ता विचारल्यावर मिळणारी उत्तरं. पुण्याची इतकी मुद्देसूद निंदा पुण्याच्या एवढ्या मोठ्या भक्ताखेरीज कुणाला जमायची नाही. पहिल्या नंबरवाला सगळं शांतपणे ऐकतो आणि विचारतो, "मग तू कशाला येतोयस?"

बहुतेक वर्षी गोष्ट इथं संपते. ऑगस्ट उजाडतो, दुसऱ्या वर्षाचे तास सुरू होतात, गादीचं प्लॅस्टिक एका रात्री गुपचूप निघतं आणि मुलगा पुढच्या गणपतीत ढोल वाजवताना दिसतो. पण एक जण खरंच गेला. एनओसी आधी मिळाली की पत्र आधी आलं, हे ऑफिसातही कुणाला आठवत नाही. नो-ड्यूजचा फॉर्म घेऊन तो दिवसभर कॉलेजभर फिरला. लायब्ररी, लॅब, वर्कशॉप, होस्टेल आणि शेवटी जिमखाना. जिमखान्याच्या मामांनी बुद्धिबळाचा काळा उंट परत आल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं. यानं वर्षभरात बुद्धिबळाला हात लावला नव्हता. शेवटी त्यानं बाजारातून अख्खा पट आणून दिला. मामांनी त्यातला उंट काढून घेतला आणि बाकीचा पट त्याला परत केला, "नियमापेक्षा जास्त घेता येत नाही" म्हणून.

महिनाभरात त्याचा फोन आला. मला वाटलं, पुण्याचं कौतुक ऐकावं लागणार. म्हणाला, "सर, इथं एका लेथवर दहा जण. आपल्याकडे कसं, माणशी एक मशीन! आणि सर नावानं ओळखत नाहीत हो. आपल्याकडे तर मामासुद्धा ओळखायचे." 'आपल्याकडे' हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पुण्यातल्या पहिल्या दिवशी त्यानं आपली ओळख 'मूळचा कोकणातल्या कॉलेजचा' अशी करून दिली होती म्हणे. मुलगा चांगला आहे, फक्त तो जिथं नसतो त्या कॉलेजचा असतो.

या वर्षीच्या प्रवेशाच्या धांदलीत काही पालक आले आणि म्हणाले, "पुण्यात एक मुलगा भेटला. त्यानं छातीठोकपणे तुमचं कॉलेज सांगितलं." प्राचार्य हरखले. एवढी जाहिरात आम्ही पैसे देऊन केली नव्हती. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं. "माहितीपत्रकात त्याचा फोटो छापू. आपला माजी विद्यार्थी."

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं. "नाही छापता यायचा, सर. इथून पदवी घेतली असती तर माजी. याचा टीसी गेला, माइग्रेशन गेलं, डिपॉझिटसुद्धा परत केलंय. कागदावर त्याचा आपला काही संबंध नाही."

"मग त्याला परतच बोलावू या. येईल तो."

"येईल की. तिसऱ्या वर्षाला जागाही आहे." भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटलं. "फक्त तिकडची एनओसी आणायला सांगा."