सुखाचं खातं

मध्य प्रदेश सरकारने २०१६ साली आनंद विभाग काढला. म्हणजे सुखाची तिथे फाईल आहे, साहेब आहे, आणि बहुधा आवक-जावक नोंदवहीसुद्धा. वारीच्या वाटेवरच्या यवत गावाला हे खातं पोचलेलं नाही. त्यामुळे तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की पिठलं-भाकरीचं गावालाच बघावं लागतं. घरोघरच्या भाकरी, भल्यामोठ्या कढईतलं पिठलं. लोणी काळभोरहून चालत आलेला वारकरी मांडी ठोकून जेवतो. दहापैकी किती सुखी झालात, असं कोणी विचारत नाही. विभाग असता तर निविदा निघाली असती, पिठल्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला असता आणि पालखी पुढच्या मुक्कामी, वरवंडला, पोचल्यावर मंजुरी आली असती, तीही तिखटाबद्दल हरकत नोंदवून.