खोली केलेले गृहस्थ

मे महिना सरत आला की औसा रोडवरून आमच्या गल्लीत टेम्पो वळायला लागतात. टेम्पोत एक लोखंडी कॉट, गॅसची टाकी, ज्वारीची दोन पोती, पत्र्याची पेटी, कूलर आणि या सगळ्यावर पालथं घातलेलं अभ्यासाचं टेबल. टेबलाच्या वर आलेल्या चार पायांच्या मधोमध बसलेलं पोरगं यंदा पाचवीत जाणार असतं. ड्रायव्हरशेजारी त्याची आई, मांडीवर देव्हारा. मागून मोटारसायकलवर वडील. वडिलांचा चेहरा लगीनघाईतला आणि खिशात दाखल्यांची प्लॅस्टिकची पिशवी. ही मंडळी निलंग्याकडची असतात, चाकूर-अहमदपूरकडची असतात, थेट नांदेड जिल्ह्यातलीही असतात. त्यांनी लातूरला खोली केलेली असते.

या गृहस्थांना आम्ही नावानं ओळखत नाही. त्यांचं नाव 'सोन्याचे पप्पा'. सोन्याही बदलत असतो, पप्पा मात्र दरवर्षी तेच असतात. पंधरा-वीस एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर, एक बोअर चालू आणि दोन बंद, गावात चौसोपी वाडा. वाड्यात आता म्हातारा-म्हातारी आणि म्हशी. दहा खण मोकळे टाकून हे सहा जणांत मिळून एका संडासाच्या खोलीत येतात आणि पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, "शाळेची घंटा इथं आयकू येती."

घंटा ऐकू येणं ही पहिली अट. घरमालक पाण्याबद्दल स्वतःहून सांगायला लागतात, कारण लातुरात भाडेकरूनं आधी पाण्याचंच विचारायचं असतं. ज्या शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं दुसरं काय विचारणार? पण सोन्याचे पप्पा मालकाला मध्येच तोडतात. "पान्याचं बघू हो मालक. हितून शाळा किती पावलं?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच चालून येतात. जाताना एकदा, दप्तर आहे असं समजून सावकाश एकदा, आणि पाऊस आहे असं समजून डबक्यांच्या कडेकडेनं एकदा.

मालकही कच्चे नाहीत. आमच्या भागात खोल्यांना वंशावळ असते. ही खोली सत्त्याण्णव टक्केवाल्याची. ती जिन्याखालची, तिच्यातला पोरगा एमबीबीएसला लागला. कोपऱ्यातली स्वस्त आहे, हवेशीर आहे, पण तिच्यात राहिलेला मुलगा पुढं चित्रपटाचं शिक्षण घ्यायला पुण्याला गेला, त्यामुळं ती रिकामी आहे. एका खोलीत पलंगाच्या उंचीवर भिंतीला पेन्सिलीनं एक ते तीसचे वर्ग लिहिलेत. सतराचा वर्ग आधी चुकलाय, खोडून पुन्हा लिहिलाय. कोण्या जुन्या भाडेकरूच्या पोरानं झोपता झोपता पाठ केलेले. मालक तेवढी भिंत सोडून बाकी खोलीला रंग देतात आणि भाडं दरवर्षी वाढवतात. पप्पांनी ती भिंत पाहिली, सतराच्या वर्गावरून हात फिरवला आणि डिपॉझिट तिथल्या तिथं मोजलं. अकरा महिन्यांचा करारनामा त्यांनी वाचलाही नाही.

एवढा अट्टहास कशापायी, हे विचारायचं नसतं. विचारलं की ते आकडे सांगतात. 2024 ला राज्यात 187 पोरांना दहावीत पैकीच्या पैकी, त्यातली 123 लातूर विभागाची. 2025 ला 211, त्यात आपली 113. "धा कमी झाली," हे ते चुलता वारल्यासारखं सांगतात. लातूर विभागात नांदेड आणि धाराशिव हे जिल्हेही येतात, म्हणजे गावी राहूनही पोरगं त्याच विभागात मोडलं असतं, हे मी एकदा बोलून पाहिलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुढच्या वाक्याऐवजी मी चहाला हाक दिली. 'लातूर पॅटर्न' खरा वाढला तो अकरावी-बारावीच्या कॉलेजांतून, हेही त्यांना ठाऊक असतं. पण पाया पाचवीत घालावा लागतो, असं त्यांना कुणीतरी एसटीत सांगितलेलं असतं, आणि एसटीत ऐकलेली गोष्ट मराठवाड्यात खोडून काढता येत नाही.

पाचवीच्या प्रवेशाला परीक्षा नसते. शिक्षणहक्क कायद्यानं अशी चाळणी लावायला मनाई आहे. त्यामुळं प्रवेशाच्या आधी जी होते ती तुकडी पाडण्यासाठीची चाचणी असते, असं पप्पा डोळा मिचकावून सांगतात. या चाचणीसाठी चौथीच्या उन्हाळ्यात क्लास असतो, आणि त्या क्लासला प्रवेश मिळावा म्हणून तिसरीच्या दिवाळीत नाव नोंदवायचं असतं. काही पप्पांचा डाव याहून बारीक. नवोदय विद्यालयात किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना असतात आणि त्यासाठी तिसरी ते पाचवी गावाकडच्या शाळेत झालेली लागते. म्हणून पोराचं नाव गावात आणि पोरगं लातुरात. गावातल्या हजेरीपटावर जो 'उपस्थित' असतो, तो आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना मी पाहिलेला आहे.

आता गावातल्या शाळेचं. तिथले गुरुजी वाईट असतात का? मुळीच नाही. मे महिन्यात ते स्वतः पप्पांच्या ओसरीवर येऊन बसलेले असतात. "तेवढं पोरगं नेऊ नका हो. पट पडलालाय. तुकडी तुटली तर मला कुठं टाकतील काय सांगावं." पप्पा त्यांना चहा पाजतात, पुढं बघू म्हणतात आणि जूनमध्ये टेम्पो भरतात. खोलीवर सामान लावून झाल्यावर शेजारी कोण राहतं म्हणून डोकावतात, तर बनियनवर बसून सोललेल्या लसणाची परडी पुढ्यात घेतलेले गुरुजी! त्यांची खोली सहा वर्षं जुनी. त्यांचा मुलगा सोन्याच्याच तुकडीत.

दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं तरी काय? दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या निलंगा गाडीला दोघं एकाच बाकावर बसले. एक शिकवायला गावी निघालेले, दुसरे फवारणीला. संध्याकाळी परतीच्या गाडीलाही तेच दोघं. पप्पांच्या पायाशी दुधाचं कॅन, गुरुजींच्या मांडीवर तपासायच्या वह्या. ज्या गावात ही दोन्ही माणसं दिवसभर असतात त्या गावात त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. सगळं बोलणं एसटीत होतं, आणि तेही एकाच विषयावर: लातूरच्या शाळेत गणिताला यंदा कोण सर आहेत.

या व्यवहारात खरा फायदा कुणाचा झाला, यावर माझं स्वतंत्र मत आहे. सोन्याच्या मम्मीचा. गावाकडं पहाटे चारला उठून शेणकूर, दहा माणसांच्या भाकरी, वर सासूबाईंची टेहळणी. इथं तीन माणसांचा स्वयंपाक आणि दुपारी दार लावून झोप. पहिल्या वर्षी त्या पदर सावरून नळावर यायच्या. दुसऱ्या वर्षी शिवणक्लास लावला, तिसऱ्या वर्षी स्कूटी शिकल्या. आता पालकसभेला त्याच जातात आणि सरांना 'नाही, पण सर' अशी सुरुवात करून बोलतात. सासूबाई फोनवर विचारतात, "कवा येतीस गं वाड्याला?" मम्मी सांगतात, "कसं येऊ आत्याबाई, युनिट टेस्ट हाय." वर्षात युनिट टेस्ट किती असतात याचा हिशेब सासूबाईंना लागत नाही. मला लागतो, पण मी गप्प बसतो.

पप्पा मात्र खरोखर विद्यार्थी झालेले असतात. बेस्ट ऑफ फाइव्ह त्यांना तोंडपाठ. कलेचे आणि खेळाचे वाढीव गुण कुठं धरतात, तो प्रस्ताव शाळेतून बोर्डाकडं कधी जातो, हे शाळेतल्या क्लार्कनं त्यांना विचारावं. इंटरमिजिएट ड्रॉइंगला 'ए' ग्रेड पडली तर दहावीला 7 गुण वाढतात हे कळलं, त्या दिवसापासून खोलीत कला नांदू लागली. याआधी सोन्यानं चित्र काढलं म्हणून मार खाल्लेला होता. आता स्थिरचित्राचा सराव म्हणून रोज संध्याकाळी कॉटवर चादर टाकून तांब्या, दोन वांगी आणि एक कांदा मांडला जातो. एकदा मम्मींनी सातला त्यातली वांगी चिरली आणि पप्पा भडकले. "सावली आजून व्हायची हुती की त्याची!" त्या रात्री भरल्या वांग्यांऐवजी पिठलं झालं. चित्रात वांगी आली ती शेवटी आठवणीतली. परीक्षकांना ती बटाटे वाटली असावीत, कारण ग्रेड 'बी' पडली. पाच गुण. उरलेले दोन गुण कुठून काढायचे या विचारात पप्पांनी पोराला तबल्याला घालायचं ठरवलं होतं. शेजारच्या गुरुजींनी हात जोडले, तेव्हा कुठं ते राहिलं.

सोन्याचं काय चाललेलं असतं? बरं चाललेलं असतं. तो साधारण चौऱ्याऐंशी टक्क्यांचा मुलगा आहे. गावात होता तेव्हाही चौऱ्याऐंशीचाच होता, तिथं पहिला यायचा, इथं एकोणचाळिसावा येतो. त्याला त्याचं काही वाटत नाही. त्याला म्हशींचं वाटतं. गाभण कुठली, व्यायला कुठली आली, हे तो रोज वडिलांना एसटीतून उतरल्या उतरल्या विचारतो, आणि पप्पा म्हणतात, "आधी विज्ञानाचं सांग."

हे सगळं एरवी खपून जातं. येळवशीला खपत नाही.

बाहेरच्यांना सांगायला हवं, की मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमचं लातूर संचारबंदी लागल्यासारखं दिसतं. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. शेत असलेला शेतात जातो, नसलेला ज्याला शेत आहे त्याच्याकडं जातो. कडब्याची कोप करून पांडव पुजायचे आणि भज्जी, आंबील, उंडे असं पोट तडस लागेपर्यंत जेवायचं. त्या दिवशी बँकेतला साहेब, कपड्याचा दुकानदार, दवाखान्यातला डॉक्टर, सगळे कुणा ना कुणाच्या बांधावर. आणि ज्याचं पंधरा एकर आहे तो माणूस सोन्याला घेऊन आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. का? तर दुसऱ्या दिवशी क्लासची सराव परीक्षा. शाळेनं सुट्टी दिली, कलेक्टरांनी दिली, पप्पांनी दिली नाही.

दुपारी दीड वाजता एक रिक्षा गल्लीत शिरली. आतून आधी आंबिलीचं मडकं उतरलं, मग भज्जीचं पातेलं, मग म्हातारी. लेक शेतात येत नाही म्हणून शेतच लेकाकडं आणलं होतं. पिशवीत हरभऱ्याचे डहाळेसुद्धा होते. ती जिना चढून गच्चीवर आली, पोराच्या हातातलं पुस्तक काढून टाकीवर ठेवलं आणि लेकाला म्हणाली, "काय करूलालास रे हितं? पांडवाला निवद कोन दाखवायचा? बोर्डाचा सायेब?" पप्पा काही बोलले नाहीत. गुरुजीही वर आले, मालकही आले, मीही गेलो. भज्जीला नाही म्हणणारा माणूस लातूर जिल्ह्यात जन्मायचा आहे. आंबिलीचा तिसरा गलास पिऊन पप्पा टाकीला टेकून जे झोपले ते पाचला उठले. तोपर्यंत सोन्या आजीबरोबर साडेचारच्या गाडीनं गावी निघून गेला होता. सराव परीक्षा बुडाली. पप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी क्लासला जाऊन बुडालेला पेपर मागून आणून स्वतः सोडवत बसले. शंभरात त्र्याहत्तर पडले. हे त्यांनी मला खाजगीत सांगितलं, पण आवाजातला आनंद लपला नाही.

आता सोन्या नववीत आहे. एक वर्ष राहिलं, मग खोली सोडणार का, असं मालकांनी विचारलं. मालकांना काळजी, कारण भिंतीला अजून आकडा लागायचाय. पप्पा म्हणाले, सोडतो की. अंबाजोगाई रोडकडं एक गुंठेवारीतला प्लॉट बघून ठेवलाय. सोयाबीनचा भाव जरा सुधारू द्या, नाहीतर रस्त्याकडचं एकरभर काढावं लागेल. गुरुजींनी मुद्द्याचं विचारलं, एनए झालंय का? ते बघायचंय. नळ आलाय का? तेही बघायचंय. मग बघितलंय तरी काय?

"पाठीमागं शाळंची नवी इमारत होऊलालीय," पप्पा म्हणाले. "कंपौंडला लागून."

"अहो, पण सोन्या तोवर कॉलेजला जाईल की."

"सोन्याचं कोन म्हनलालंय?" पप्पा म्हणाले. "त्याच्या पोराला पाचवीला काय मी पुन्हा खोली हुडकत फिरू?"