हीट नंबर पुसणाऱ्या शेठना

प्रति,
लाकूड कोरायच्या राउटर मशीनचे ‘शंभर टक्के स्वनिर्मित’ उत्पादक,
अंबड एमआयडीसी, नाशिक

शेठ, गेल्या आठवड्यात तुमचा कंट्रोल बॉक्स दुरुस्तीला माझ्याकडे आला. सोबत तुमच्या पोराने पेनड्राइव्हही दिला. त्यातली मशीनच्या प्रोग्रामची फाइल उघडली आणि हात आपोआप जोडले गेले. माथ्यावर तुमच्या कंपनीचं नाव, ‘सर्व हक्क राखीव’, आणि साल 2009! त्या साली तुम्ही लिंक रोडवर दुसऱ्याच्या शॉपमध्ये हेल्पर होता, हे चहा पाजताना तुम्हीच सांगितलंय. रात्री घरी जाऊन आठ बिटांच्या चिपसाठी प्रोग्राम लिहीत होता, हे मात्र कधी बोलला नाहीत. केवढा विनय!

त्याच साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोगसेथ यांनी ग्रबल हा अशी मशीन चालवणारा प्रोग्राम लिहायला घेतला, पुढे सॉनी जिऑन यांनी वाढवला. दोघांची नावं आणि जीपीएल या लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीचा उल्लेख मूळ फाइलींच्या माथ्यावर होता. पोराने नावं बदलली, साल विसरला. मशीनला सांगायचंही विसरला. केबल जोडली की ते बिचारं अजून ‘ग्रबल 1.1’ अशीच ओळख देतं.

नवल एवढंच की, ईएन-8 पोलादाचा बार कापण्याआधी त्याच्या वितळणीचा हीट नंबर उरणाऱ्या तुकड्यावर पंच करून घ्यायची शिस्त तुमचीच. परवा एकाने नंबराच्या बाजूनेच बार कापला, तर त्याचा उद्धार गेटपर्यंत ऐकू येत होता. बरोबरच आहे; नंबर गेला की मिलचं टेस्ट सर्टिफिकेट कोणत्या तुकड्याला जोडायचं? फाइलचं तेच आहे हो. लायसन्सची मूळ फाइल फोल्डरात मागे राहते आणि एकच फाइल उचलून कुणी दुसऱ्या कामात टाकतो. म्हणून तर पंच प्रत्येक तुकड्यावर.

बरं, कुणी पैसे मागितले होते का? मशीन विकायला जीपीएलची आडकाठी नाही. नावं राहू द्यायची, खाली आपण काय बदललं आणि कधी ते लिहायचं, आणि गिऱ्हाइकाला सोर्स कोड लायसन्ससकट द्यायचा. होमिंगमध्ये, म्हणजे मशीन आपली सुरुवातीची जागा शोधतं त्या भागात, तुम्ही केलेली सुधारणा खरंच झकास आहे. तिथे तुमचं नाव शोभलं असतं. तेवढं एक लिहायचं राहिलंय.

वकिलांना वाचून दाखवायला दोन गोष्टी. 2012 च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात 65बी कलम आलं. हक्कांची माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. (पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं 65बी वेगळं होतं, शेठ; वकीलसाहेब गोंधळतील.) आणि अमेरिकेत खेळण्यातल्या आगगाड्या चालवणाऱ्या जेएमआरआय या प्रोग्राममधली नावं एकाने अशीच गाळली होती. फुकट दिलेल्या प्रोग्रामच्या अटी मोडल्या तरी कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, असं 2008 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं. खेळण्यातल्या गाड्यांपायी एवढं. तुमचं मशीन तर थ्री-फेजवर चालतं.

आपला,
कंट्रोल बॉक्सवाला

ता. क. जीपीएलमध्ये पहिल्या चुकीला माफी आहे. मूळ हक्कदाराची नोटीस पहिल्यांदाच आली आणि 30 दिवसांत सगळं सुधारलं, की परवानगी कायमची परत. तुम्ही माझं बिल 90 दिवसांनी देता, म्हणून आधी कळवतोय. मी हक्कदार नाही, त्यामुळे या पत्राने ते 30 दिवस सुरू होत नाहीत. बिलाचे मात्र सुरू झालेत.