पुढे खाडी, मागे घाट

"काकू, रात्री टीव्हीवर समरकंदचा बाजार पाहिलात? उझबेक, ताजिक, बुखारी ज्यू… एका गावात किती तऱ्हेची माणसं! नाहीतर आपलं पनवेल."

"आपल्या पनवेलला काय झालं गं? आधी ही शेवळं घे. ठाकर बाई डोंगरातून घेऊन आली होती. पुडीत काकडंही आहेत. ती घातल्याशिवाय शिजवशील, तर घसा असा खाजेल की माहेर आठवेल!"

"बरं झालं सांगितलंत. आमच्या साताऱ्याकडे नाही मिळत ही."

"तेच सांगते. पाटीवाली प्रबळगडाच्या अंगाची, शेजारी सुकी मासळी घेऊन कोळीण, पलीकडे तांदूळवाली आगरी बाई आणि गिऱ्हाईक घाटावरचं. पनवेलचा बाजार आहेच असा. पुढे खाडी, मागे बोरघाट. घाटावरचा माल बैलगाडीनं उतरायचा आणि इथून गलबतानं मुंबईला जायचा. परत जाताना ऐपतदार गाडीवान गाडीला पनवेलची नवी चाकं घालून जायचा. चाकांसाठी नाव होतं गावाचं! जिथं माल उतरतो तिथं माणूसही टेकतो. गुजराती-मारवाडी दुकानदार आले, कोकणी मुसलमानांचा मोहल्ला वसला…"

"आणि ज्यू?"

"वा! बेने इस्रायली आपलेच की. तेलाचे घाणे त्यांचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं. २००५च्या पुरात गाढी नदीचं पाणी आत शिरलं होतं. पुढे बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, पण इस्रायल तलाव अजून इथंच आहे."

"मग गलबतांचा एवढा व्यापार पुढे बसला कशानं?"

"आगगाडीनं! १८६३ला बोरघाटातून रूळ गेले ते कर्जतवरून. आपल्याला टाळून! घाटावरचा माल थेट मुंबईला जायला लागला, बंदराचं महत्त्व ओसरलं. तरी गाव काही उठलं नाही गं. इथली नगरपालिका तर आगगाडीच्याही आधीची, १८५२ची. ती टिकली आणि २०१६ला महापालिका झाली."

"आता तर विमानतळही आला."

"आला ना. आता बिहारी, मल्याळी, बंगाली सगळे येतील. येऊ देत! फक्त विमानतळापायी आगरी-कोळ्यांना त्यांच्याच गावात उपरं करू नका, एवढंच म्हणणं. बाकी ज्याला पोटापाण्यासाठी इथं यायचंय, त्याला पनवेलनं आजवर नाही म्हटलेलं नाही. अगं, तुलाही कुठे नाही म्हटलं!"